बदलीचा हुकूम आणि एकवीस कसोट्या

वर्धा जिल्ह्यात फौज म्हटली की पुलगाव. मुंबई–हावडा मार्गावरचं हे स्टेशन. इथला केंद्रीय दारूगोळा डेपो लोकांच्या तोंडी नुसता ‘डेपो’ आहे. डेपोमुळे गावाला एक गोष्ट चांगलीच ठाऊक आहे : बदली. फलाटावर काळी ट्रंक उतरते, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि युनिट रंगवलेलं असतं. दोन-तीन वर्षांनी तीच ट्रंक पुन्हा फलाटावर येते आणि गाडीत चढते. शाळेतला मुलगा वर्गातून जातो, गल्लीतल्या संघाचा गोलंदाज जातो, कबड्डीतला एखादा भक्कम पकडवाला जातो. कुठे गेला, कधी परत येणार, हे विचारायची पद्धत नाही. हुकूम आला, गेला.

सैन्यात असलेल्या खेळाडूची गोष्ट सांगायची तर ती या ट्रंकेपासूनच सुरू करावी लागते. कारण साध्या खेळाडूची कारकीर्द त्याच्या फॉर्मवर चालते, सैन्यातल्या खेळाडूची दोन गोष्टींवर चालते : बदली आणि रजा. आणि फौजेत रजा हा हक्क नसतो, मेहेरबानी असते, हे पुलगावातल्या कुठल्याही निवृत्त सुभेदाराला विचारा.

बदलीने खेळाडू जातो, हे कुणालाही पटेल. बदलीने अख्खा खेळच जातो, हे मात्र कलकत्त्यात घडलं. १८७२च्या नाताळात तिथल्या इंग्रजांनी रग्बीचा सामना खेळला. एका बाजूला इंग्लंडचे वीस, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. रग्बी आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून दोन वाक्यं. चेंडू अंड्यासारखा लांबट. तो हातात घेऊन पुढे पळायचं, पण साथीदाराला द्यायचा झाला तर मागेच द्यायचा. ज्याच्या हातात चेंडू त्याला कमरेत, मांडीत धरून आडवं करायची मुभा. कबड्डीतली पकड मोठ्या मैदानावर, पळत्या माणसावर लावली की काय होईल, त्याची कल्पना केली तरी पुरे.

त्या सामन्यानंतर १८७३च्या जानेवारीत कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. सुरुवातीला जोरात चालला. मग सामन्यांना खेळाडू पुरवणारी ‘बफ्स’ नावाची गोरी पलटण कलकत्त्याहून हलली. क्लबातली फुकटची दारू बंद झाली, हेही एक कारण सांगतात. उरलेल्यांना पोलो आणि टेनिस आवडू लागलं. उष्ण हवेत घामाघूम होऊन चिखलात लोळण्यापेक्षा घोड्यावर बसणं बरं, असं त्यांना वाटलं असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. १८७८च्या सुमारास क्लब बंद पडला. सभासदांनी बँकेतले शिल्लक पैसे चांदीच्या रुपयांत काढले, २७० रुपये वितळवले आणि त्यांचा चषक घडवून घेतला. त्याचे तीन कान नागांच्या आकाराचे आहेत, झाकणावर हत्ती. तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९पासून त्या चषकासाठी दरवर्षी झुंजतात. त्याचं नाव आजही कलकत्ता कप. म्हणजे जगातल्या एका अतिशय जुन्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं बक्षीस हे मुळात एका बदलीच्या हुकमाचा अवशेष आहे.

आता खरा रग्बीवाला अधिकारी. बेसिल मॅक्लिअर, जन्म १८८१, इंग्लंडातल्या पोर्ट्समथ बंदरात. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयातून तो रॉयल डब्लिन फ्यूझिलिअर्स या पलटणीत अधिकारी झाला आणि दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध लढून आला. या पलटणीचं नाव आयरिश असलं तरी तिच्या दुसऱ्या बटालियनची नाळ आपल्या मुंबईत पुरलेली आहे. सतराव्या शतकात मुंबई बेटाच्या राखणीसाठी आलेल्या गोऱ्या शिपायांपासून ती सुरू झाली, पुढे कंपनी सरकारची ‘बॉम्बे युरोपियन रेजिमेंट’ झाली, मग १८६२ साली राणीच्या सैन्यात १०३ नंबरची पलटण आणि १८८१मध्ये, म्हणजे मॅक्लिअर जन्मला त्याच वर्षी, डब्लिन फ्यूझिलिअर्सची दुसरी बटालियन. हीच रेजिमेंट १८१७च्या ऑक्टोबरअखेर घाईघाईने कूच करत पुण्यात पोचली आणि ५ नोव्हेंबरला खडकीच्या लढाईत बाजीराव पेशव्याच्या फौजेसमोर उभी राहिली. डब्लिनच्या या आयरिश पलटणीच्या सन्मानचिन्हांत ‘किर्की’ हे नाव शेवटपर्यंत होतं. आयर्लंडमधल्या किती शिपायांना ते गाव कुठे आहे हे माहीत असेल, हा वेगळा प्रश्न.

मॅक्लिअर जन्माने इंग्लंडचा. त्याने इंग्लंडकडूनच खेळावं अशी अपेक्षा होती. पण इंग्लंडच्या निवड समितीला तो पुरेसा चांगला वाटला नाही. निवड समित्यांचं हे दुखणं कुठल्या एका देशाचं नाही. तेवढ्यात पलटणीची नेमणूक त्याला आयर्लंडमध्ये घेऊन गेली आणि तो कॉर्क परगण्याच्या संघातून खेळू लागला. त्या काळी कुणी कुठल्या देशाकडून खेळावं याचे नियम सैल होते, राहतो तिथला संघ चालत असे. आयर्लंडने त्याला घेतलं. १९०५च्या फेब्रुवारीत कॉर्कमध्ये तो पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, आणि समोर कोण, तर इंग्लंड. आयर्लंडने तो १७–३ असा जिंकला. पुढच्या वर्षी १६–६. त्याच्या पुढच्या वर्षी १७–९. तीन वर्षं ओळीने इंग्लंडच्या निवड समितीने आपण नाकारलेला माणूस समोरून धावत येताना पाहिला.

मॅक्लिअर अंगाने दांडगा आणि पळण्यात वेगवान होता. हातांत पांढरे मोजे घालून खेळायचा, त्यामुळे गर्दीतही ओळखू यायचा. १९०६च्या नोव्हेंबरात बेलफास्टला दक्षिण आफ्रिकेच्या बलाढ्य संघाविरुद्ध त्याने जवळजवळ सगळं मैदान पळून जाऊन पलीकडच्या रेषेपार चेंडू टेकवला, ती धाव आयरिश रग्बीत अजून सांगितली जाते. सामना मात्र आफ्रिकेने १५–१२ असा घेतला. एकूण ११ आंतरराष्ट्रीय सामने, तीन हंगाम, आणि संपलं. देश बदलीने दिला होता.

१९१५च्या वसंतात तो आघाडीवर, बेल्जियममध्ये ईप्रच्या खंदकांत पोचला. २४ मेच्या पहाटे जर्मनांनी विषारी वायू सोडला. सहाशेहून अधिक माणसांच्या त्या बटालियनमधून दिवस मावळताना बोटांवर मोजता येतील इतकेच उभे होते. मॅक्लिअर त्या सकाळीच गेला. वय ३४. त्याचं थडगं नाही. ईप्रच्या मेनिन दरवाजावर हजारो नावांत त्याचंही नाव कोरलेलं आहे. १९२२ साली आयर्लंड स्वतंत्र होताना पलटणच मोडीत निघाली आणि खडकीचं नाव मिरवणारं ते निशाणही उतरलं.

असा अधिकारी आपल्याकडे का झाला नाही, याचं उत्तर साधं आहे. भारताचा राष्ट्रीय रग्बी संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तोच मुळी १९९८ साली. त्याआधी शंभर वर्षं हा खेळ इथे होता, पण बराच काळ तो गोऱ्या क्लबांचा आणि गोऱ्या पलटणींचा होता. अखिल भारतीय स्पर्धा १९२४पासून होत आली आणि मुंबईत तिचं घर म्हणजे बॉम्बे जिमखाना. पावसाळ्यात तिथे रग्बी, कोरड्या दिवसांत क्रिकेट. १८७५ साली स्थापन झालेल्या या जिमखान्याचं सभासदत्व हिंदी माणसाला मिळत नसे. खेळायला बोलावणं यायचं, ते वेगळं. भारतातली पहिली क्रिकेट कसोटी याच मैदानावर १९३३च्या डिसेंबरात झाली. ज्या संस्थेत भारतीय संघातल्या कुणालाही सभासद होता आलं नसतं, तिच्याच हिरवळीवर लाला अमरनाथने ११८ धावा काढल्या.

त्या संघाचा कर्णधार आपल्या विदर्भाचा. कर्नल सी. के. नायडू, जन्म नागपूरचा, १८९५चा. ‘कर्नल’ ही पदवी खरी होती, पण कुठल्या फौजेची, ते पाहायला हवं. १९२३ साली इंदूरच्या होळकरांनी त्याला आपल्या संस्थानात बोलावलं आणि सैन्यात अधिकारपद दिलं. संस्थानी फौजेतल्या या पदाचा खरा उपयोग म्हणजे खेळाडूच्या पोटापाण्याची सोय. पूर्वी दरबारात पैलवान ठेवत, तसे राजे आता क्रिकेटपटू ठेवू लागले होते. पैलवानाला खुराक लागे, क्रिकेटपटूला हुद्दा. नायडूला क्रिकेटसाठी रजा मागावी लागत नव्हती, क्रिकेट हीच त्याची ड्युटी होती. १९२६ साली याच जिमखान्यावर त्याने एमसीसीविरुद्ध १५३ धावांत ११ षटकार मारले. त्या अर्थाने तो सैनिक कमी आणि दरबारी मल्ल जास्त होता. हे त्याला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. त्याच्या नशिबी ट्रंक नव्हती, एवढंच म्हणायचं आहे.

ट्रंक होती ती हेमू अधिकारीच्या नशिबी.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी, जन्म पुण्याचा, ३१ जुलै १९१९. पुढे तो लेफ्टनंट कर्नल झाला. आडनाव अधिकारी आणि पेशाही अधिकारी, यावर मैदानात किती कोट्या झाल्या असतील देव जाणे. सतराव्या वर्षी गुजरातकडून रणजी स्पर्धेत उतरला, मग बडोद्याकडून बरीच वर्षं खेळला. बडोद्याचं क्रिकेट तेव्हा तालेवार होतं, विजय हजारेंसारखा फलंदाज त्या संघात होता. सैन्यात गेल्यावर तो सर्व्हिसेसचा झाला. उंची बेताची, चण बारीक, पण पाय हलके. फलंदाजीपेक्षा आधी नजरेत भरायचं ते त्याचं क्षेत्ररक्षण. कव्हरला उभा असला की फलंदाज तिकडे मारून धाव घ्यायला कचरत.

पहिली कसोटी १९४७च्या नोव्हेंबरात, ब्रिस्बेनला. स्वतंत्र भारताचा पहिला दौरा. तो संघ निवडला गेला तेव्हा देश एक होता, निघाला तेव्हा दोन झाले होते. निवड झालेला फझल महमूद पाकिस्तानचा झाला. विजय मर्चंट प्रकृतीमुळे गेला नाही. अशा मोडक्या संघाला समोर ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलिया मिळाला. ॲडलेडच्या चौथ्या कसोटीत ब्रॅडमनने द्विशतक ठोकलं आणि भारतावर फॉलोऑन आला. त्या कसोटीत हजारेंनी दोन्ही डावांत शतकं काढली, हे प्रत्येक मराठी क्रिकेटवेड्याला पाठ असतं. दुसऱ्या डावात एका टोकाला हजारे १४५पर्यंत पोचले तेव्हा दुसऱ्या टोकाला बराच वेळ अधिकारी उभा होता, हे कमी जणांना आठवतं. दोघांनी सातव्या जोडीसाठी १३२ धावा केल्या. त्यांत अधिकारीच्या ५१. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिंडवॉल याने त्या डावात सात बळी घेतले होते.

या माणसाच्या कारकिर्दीचा साचा इथेच दिसतो. वरचे गडी पडलेले असतात, सामना हातचा गेलेला असतो, आणि हा येऊन उभा राहतो. लढाईत माघार घेताना पिछाडी सांभाळणारी एक तुकडी असते. तिचं काम जिंकणं नसतं, बाकीच्यांना वेळ मिळवून देणं असतं. अधिकारीने कसोटी क्रिकेटमध्ये बहुतेक वेळा पिछाडीच सांभाळली.

१९४८चा नोव्हेंबर, दिल्ली. वेस्ट इंडीजचा पहिला भारत दौरा आणि स्वतंत्र भारताच्या मातीवरची पहिली कसोटी. पाहुण्यांनी ६३१ धावा केल्या, त्यांच्या चौघांची शतकं. भारताने ४५४ केल्या आणि फॉलोऑन चुकला नाहीच. या ४५४मध्ये अधिकारी ११४ नाबाद. दुसऱ्या डावात पुन्हा २९ नाबाद, सामना अनिर्णित. भारतीयाने भारतात काढलेलं हे दुसरं कसोटी शतक. पहिलं अमरनाथचं, पारतंत्र्यातलं, जिमखान्याच्या हिरवळीवरचं. स्वतंत्र देशातलं पहिलं या पुणेकर फौजीचं. शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण विचारत नाहीत.

चार वर्षांनी पुन्हा दिल्ली, पुन्हा पहिलीच गोष्ट : भारत–पाकिस्तान पहिली कसोटी, १९५२चा ऑक्टोबर. भारत ९ बाद २६३. शेवटचा गडी म्हणून आला हैदराबादचा ऑफस्पिनर गुलाम अहमद. अशा वेळी साधारणपणे लोक चहाची भांडी आवरायला घेतात. या दोघांनी १०९ धावा जोडल्या. गुलाम अहमदच्या ५०, अधिकारी ८१ नाबाद. मग विनू मांकडने एकट्याने सामन्यात १३ बळी घेतले आणि भारत एक डाव ७० धावांनी जिंकला. मांकडचं नाव झालं ते योग्यच, पण डावाने विजय मिळाला तो त्या १०९ धावांच्या जोरावर. दहाव्या जोडीचा भारताचा हा विक्रम पुढे फार वर्षं टिकला. त्याकडे परत येऊ.

त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात मात्र सगळ्यांबरोबर त्याचीही वाताहत झाली. मँचेस्टरला फ्रेड ट्रूमनने ३१ धावांत ८ बळी घेतले, भारत एकाच दिवसात ५८ आणि ८२ असा दोनदा बाद झाला. त्या ८२मध्ये अधिकारीच्या २७ होत्या आणि त्याच सर्वांत जास्त होत्या. ट्रूमनही त्या वर्षी लष्करी सेवेतच होता, ब्रिटनमध्ये तेव्हा तरुणांना ती सक्तीची असे. तो हवाई दलातून सुटी काढून भारतीयांच्या दांड्या उडवायला येत होता. रजेचा उपयोग कुणी कसा करावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आता थोडं गणित. १९४७च्या ब्रिस्बेनपासून १९५९च्या दिल्लीपर्यंत, म्हणजे अधिकारीच्या पहिल्या कसोटीपासून शेवटच्या कसोटीपर्यंत, भारत ४७ कसोटी सामने खेळला. अधिकारी त्यांतले २१ खेळला. धावा ८७२, सरासरी ३१च्या वर, शतक ते एकच. उरलेल्या २६ सामन्यांत तो का नव्हता? काही वेळा निवड झाली नसेल, पण फौजेच्या नोकरीने त्याची बरीच वर्षं खाल्ली हे त्याच्याबद्दल लिहिणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी नोंदवलं आहे. तेव्हाचा कसोटी दौरा म्हणजे चार-चार, पाच-पाच महिने. अनेकदा जाणं-येणं बोटीने. कुठल्या कमांडिंग ऑफिसरने आपला अधिकारी इतके दिवस सोडावा? १९४८मध्ये तर काश्मीरची लढाई चालू होती. देशाने त्याला दिल्लीच्या मैदानावर उतरू दिलं, हेच एक प्रकारे विशेष.

या २६ रिकाम्या जागांचा मला राग येत नाही, कुतूहल वाटतं. मुंबईतल्या बँकेतला किंवा गिरणीतला क्रिकेटपटू संध्याकाळी नेटमध्ये जायचा, रविवारी कांगा लीग खेळायचा. सीमेवरच्या ठाण्यावर नेट लावून गोलंदाजी कोण करणार? तरीही हा माणूस येतो आणि शेवटच्या गड्यासोबत शंभर धावा जोडतो. याचं स्पष्टीकरण तंत्रात सापडत नाही. सैन्यातल्या माणसाला अपुऱ्या तयारीने कामाला लागायची सवय असते, हे एक उत्तर असू शकेल.

फौजेने जे घेतलं त्याच्या बदल्यात त्याला एक गोष्ट दिली : स्वतःचा संघ. सर्व्हिसेस, म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल यांचा मिळून एक. बाकी रणजी संघांना गाव असतं, प्रेक्षक असतात. या संघाला गाव नव्हतं. अधिकारीने त्याला उभं केलं. पुण्याचाच चंद्रशेखर गडकरी त्याच्या हाताखाली होता, तोही सैन्यातला अधिकारी आणि तोही अफलातून क्षेत्ररक्षक. गडकरी सहा कसोट्या खेळला, सगळ्या वेस्ट इंडीज आणि पाकिस्तानच्या दौऱ्यांवर. घरच्या प्रेक्षकांना तो कसोटीत दिसलाच नाही. वेगवान गोलंदाज सुरेंद्रनाथ, सलामीचा सेनगुप्ता, हवाई दलाचा मुद्दय्या अशी माणसं याच संघातून भारतापर्यंत गेली. १९५६–५७मध्ये सर्व्हिसेस रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला आणि मुंबईकडून हरला. पुढच्या वर्षी पुन्हा पोचला आणि हरला तो बडोद्याकडून, अधिकारीच्याच जुन्या घराकडून. त्यानंतर आजवर या संघाने अंतिम फेरीचं तोंड पाहिलेलं नाही.

मग १९५९चा फेब्रुवारी. वेस्ट इंडीज पुन्हा भारतात. यावेळी वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट नावाची दोन वादळं बरोबर आणलेली. भारताने त्या मालिकेत जो कर्णधारांचा खेळ केला तो क्रिकेटपेक्षा संगीत खुर्चीला जवळचा होता. पहिल्या कसोटीत उमरीगर, दुसऱ्या-तिसऱ्या कसोटीत गुलाम अहमद, चौथ्या कसोटीला मांकड. संघनिवडीवरून वाद, राजीनामा, रुसवे, सगळं झालं. तीन कसोट्या हरून झाल्या होत्या. पाचव्या कसोटीसाठी दिल्लीत कोण? तेव्हा मंडळाला अधिकारी आठवला. वय ३९.

घर पेटल्यावर बोलावणं आलं, तरी माणूस बादली घेऊन धावला. पहिल्या डावात ६३, दुसऱ्या डावात ४०, आणि मधल्या काळात फिरकी टाकून वेस्ट इंडीजचे तीन बळी. चंदू बोर्डेने पहिल्या डावात शतक काढलं आणि दुसऱ्या डावात ९६वर असताना स्वतःच्याच यष्टीवर पाय की बॅट लागून बाद झाला, नाहीतर दोन्ही डावांत शतक झालं असतं. सामना अनिर्णित राहिला. हीही कसोटी हरू अशी अवस्था असताना शेवटी थोडी अब्रू राहिली ती तिथे. लगेच पुढचा इंग्लंड दौरा होता, त्याचा कर्णधार दत्ता गायकवाड. अधिकारी त्यानंतर कसोटी खेळला नाही. कर्णधार म्हणून एक कसोटी, एक अनिर्णित.

साधारणपणे इथे खेळाडूचं प्रकरण मिटतं. अधिकारीच्या बाबतीत सगळ्यांत परिणामकारक भाग यानंतर सुरू होतो, कारण आता त्याला रजा मागायची गरज उरली नव्हती. तो तरुण मुलांची शिबिरं घेऊ लागला. गावसकर, कपिलदेव, किरमाणी, शास्त्री या पिढ्यांना घडवणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. शिबिर म्हणजे त्याच्या लेखी फळीवर लिहून शिकवायची गोष्ट नव्हती. पहाटे उठा, पळा, झेल घ्या, पुन्हा पळा. परेडच्या मैदानावर पलटण एका हालचालीत वळते ती हजार वेळा वळल्यामुळे, हे त्याला माहीत होतं.

भारतीय क्रिकेटची तेव्हाची एक जुनी खोड होती. क्षेत्ररक्षण हे हलकं काम समजलं जायचं. फलंदाज राजा, गोलंदाज सरदार, आणि चेंडू आणायला कुणीतरी पळेल. पँटला डाग पडू नये याची काळजी घेणारे मोठमोठे खेळाडू त्या काळी होते. १९७१च्या इंग्लंड दौऱ्यावर लेफ्टनंट कर्नल अधिकारी व्यवस्थापक म्हणून गेला आणि त्याने ही खोडच उपटायला घेतली. संघ अजित वाडेकरचा. बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन असे फिरकी गोलंदाज. फिरकीला झेल लागतात, आणि झेल बॅटच्या अगदी जवळ उडतात. तिथे उभं राहायला माणूस लागतो. तो होता एकनाथ सोलकर, मुंबईत हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. फॉरवर्ड शॉर्टलेगला तो हेल्मेटशिवाय फलंदाजाच्या पायाशी बसायचा. त्याच्या पाठीशी वाडेकर, वेंकट, अबीद अली. ही फळी सरावाने घडली, आणि सराव करून घेणारा माणूस कडक होता.

ओव्हलची तिसरी कसोटी, ऑगस्ट १९७१. आधीच्या दोन अनिर्णित. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१वर संपला. त्यातला ॲलन नॉटचा सोलकरने पुढे झेपावत जमिनीलगत घेतलेला झेल छायाचित्रांतून अजून फिरतो. शेवटच्या दिवशी गणेशचतुर्थी होती. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून भारतीय प्रेक्षकांनी ती मैदानावर फिरवली. अबीद अलीच्या फटक्याने सामना जिंकला, चार गडी राखून. १९३२पासून भारत इंग्लंडमध्ये कसोटी खेळत होता. तिथे पहिला विजय मिळायला ३९ वर्षं लागली. गोलंदाजीचं श्रेय चंद्राचं, नेतृत्वाचं वाडेकरचं. झेलांचा हिशेब मात्र पहाटेच्या त्या परेडकडे जातो.

तीन वर्षांनी तोच वाडेकर, तोच अधिकारी, तोच इंग्लंड, आणि सगळं उलटं. १९७४च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत बाद झाला. त्यांतल्या १८ सोलकरच्या, नाबाद. मालिका ०–३. लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तांच्या स्वागत समारंभाला संघ उशिरा पोचला आणि यजमानांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. उशीर का झाला, कुणामुळे झाला, यावर बरंच लिहिलं गेलं. वेळेच्या बाबतीत ज्या माणसाचं अख्खं आयुष्य बिगुलाच्या आवाजावर गेलं होतं, त्याच्या संघावर उशिरा आल्याचा ठपका यावा यात एक क्रूर थट्टा आहे. कडक शिस्त हरणाऱ्या संघाला जाचते, जिंकणाऱ्याला पटते. १९७१मध्ये जी शिस्त होती तीच १९७४मध्ये होती. फक्त यावेळी झेल बॅटला लागून उडतच नव्हते.

अधिकारीचं निधन २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत झालं. वय ८४. तेव्हा त्या १०९ धावांना ५१ वर्षं झाली होती, आणि दहाव्या जोडीचा भारताचा विक्रम अजून त्याच्या आणि गुलाम अहमदच्याच नावावर होता. मधल्या काळात विश्वनाथ आले-गेले, गावसकर दहा हजार धावा काढून निवृत्त झाले, कपिलने तळाला येऊन किती वादळं उठवली, पण शेवटच्या जोडीची ती दिल्लीतली भागी कुणाला गाठता आली नाही.

२००४च्या डिसेंबरात ढाक्याला बांगलादेशविरुद्ध एका बाजूला सचिन तेंडुलकर २४८वर नाबाद राहिला, आणि अकराव्या क्रमांकावर आलेल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने ७५ धावा ठोकल्या. दोघांची भागी १३३. विक्रम मोडला तेव्हा अधिकारीला जाऊन चौदावा महिना चालू होता.